अण्णा, त्या रात्री तुम्ही आला होता

तीर्थस्वरूप अण्णांना, साष्टांग नमस्कार.

वडिलांना लिहायचं तर तीर्थरूप आणि वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला तीर्थस्वरूप, हे पाचवीत बाईंनी फळ्यावर लिहून दिलं, तेव्हा सरावाचं पत्र मी तुम्हालाच लिहिलं होतं. आप्पांना तुमचं पाण्याचं इंजिन दोन दिवसांसाठी हवंय, असा मजकूर होता. तुम्ही ते वाचून इंजिन खरंच पाठवून दिलं होतं. आज मायना तोच घातलाय. खोडून दुसरा लिहून पाहिला, जमलं नाही.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या हातात देता आलं असतं. आपल्यात दोन बांधांचंच तर अंतर आहे. पण आमच्याबद्दल जे बोललं गेलं ते पाकिटात घालून कुणी बोललं नाही. डेअरीच्या रांगेत बोललं गेलं, पिठाच्या गिरणीत, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत बोललं गेलं. म्हणून माझं गाऱ्हाणंही चारचौघांत. तुमचं नाव लिहीत नाही. बोरगावात ज्याला कळायचं त्याला कळेल, बाहेरच्याला कळायची गरज नाही.

आप्पा निर्दोष सुटले त्याला आता दीड वर्ष झालं. त्या दिवशी कोर्टातून घरी यायला आम्हाला दिवेलागण झाली. आईनं चुलीवर मोठं पातेलं चढवलं. लोक येतील, चहा कमी पडायला नको म्हणाली. साखर घालून ठेवली, पूड हातात धरून बसली. आठ वाजले, नऊ वाजले. आधण आटून पातेल्याच्या बुडाला साखरेचा तपकिरी थर बसला, तो तिनं दुसऱ्या दिवशी राखेनं घासून काढला. कुणी आलं नाही. तुमच्या गोठ्यातला दिवा आमच्या ओसरीवरून दिसत होता, अण्णा. तो रोजच्या वेळेला विझला.

त्या रात्रीबद्दल गावानं इतक्या तऱ्हांनी ऐकलंय की एकदा मला माझ्या तोंडानं सांगू द्या. मी तिथं होते.

माघातली अमावास्या. आमचा ऊस तुटला होता, तुमचा उभा होता. दोनच्या सुमाराला कुत्रं भुंकलं आणि भुंकता भुंकता गप झालं. आईला वाटलं गाय सुटली, म्हणून ती मागचं दार उघडून बाहेर गेली. तिच्या डोक्यात काठी बसली ती पहिली. ती कशी आत सरकली, आप्पांनी दार कसं लोटलं, हे नीट आठवत नाही; कडी लागल्याचा आवाज तेवढा आठवतो. मग बाहेरून दगड पडायला लागले. मी 100 नंबर लावला. आपल्या वस्तीवर मोबाईल कधी कर्नाटकाच्या टॉवरला लागतो, कधी महाराष्ट्राच्या. त्या रात्री तो पलीकडं लागला. पलीकडच्या माणसानं गावाचं नाव विचारलं आणि म्हणाला, तुमचं गाव आमच्यात येत नाही, तिकडं लावा. तो वाईट बोलला नाही. पण त्याचं वाक्य संपायच्या आत कडी निखळली.

जो आत आला त्याचा कोयता वर होता. मी दारासमोर होते. आप्पा माझ्या मागं, चार हातांवर. आजोबांच्या वेळेपासूनची एकनळी बाराबोअर, जी दसऱ्याला झेंडूची फुलं वाहण्यापुरती खाली निघायची आणि दर निवडणुकीला ठाण्यात जमा व्हायची, ती आप्पांच्या हातात होती. एक आवाज झाला. बाकीचे तुमच्या उसात पळाले. तो उंबऱ्यावर आडवा पडला.

आणि मग तुम्ही आला. अंगात नुसती बंडी, पाय अनवाणी, हातात ती लांब तीन सेलांची बॅटरी. तिचा उजेड पडला तेव्हा त्याच्या मुठीत कोयता अजून होता. "परत उचलंल रे," म्हणालात आणि पायानं तो कोयता पाटात ढकललात. तो पाणी मागत होता. तांब्या तुम्हीच आणलात. आप्पांनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं. आप्पा तुम्हाला म्हणाले, "मी मारलो गड्या. मारलो नसतो तर पोरीवर आला असता. दुसरं काय करू?" बंदूक त्यांनी तेव्हाच भिंतीला टेकवली होती. तिला परत हात लावला नाही.

108 ची गाडी त्याला घेऊन गेली. वाटेतच तो गेला. पोलिसांच्या गाडीचा उजेड रस्त्यावर दिसला तसे तुम्ही मागच्या बांधानं घराकडं गेलात. मला वाटलं, सदरा घालून येताय.

तुम्ही आलात ते सकाळी नऊला, महजराला, म्हणजे पंचनाम्याला, पंच म्हणून. इस्त्रीचा सदरा होता. निखळलेली कडी, दारावरचे दगडाचे घाव, उंबऱ्यावरचं रक्त, पाटातला कोयता, भिंतीला टेकवलेली बंदूक, तिच्यातलं एक रिकामं काडतूस आणि फळीवरच्या डब्यातली चार भरलेली, सगळं कन्नडमध्ये लिहिलं गेलं. त्याखाली तुमची सही आहे. बॅटरीबद्दल काही लिहिलं गेलं नाही. ती आतल्या खोलीत गोधडीवर पडली होती, आईच्या डोक्यातली जखम बघताना तुम्ही ठेवलेली.

आता ठाण्यातलं सांगते. ठाण्याचं नाव घेणार नाही. तिथं त्या सकाळी जो कुणी टेबलावर असता त्यानं हेच केलं असतं, असं मला आता वाटतं. आप्पांचं कानडी बाजारापुरतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, धोतरावर दुसऱ्याचं रक्त. त्यांनी सांगितलं ते तुम्हाला सांगितलेलंच सांगितलं. मी मारलो, दुसरं काय करू. कागदावर उतरलं तेवढं 'नानु होडेदे'. मी मारलं. पूर्णविराम. मागचा तुकडा कुठं गेला? मला कन्नडचा राग नाही, अण्णा. माझ्या आईचं माहेर कानडी, मी आजीच्या मांडीवर कानडीतच झोपले. भाषेनं काही केलं नाही. घाईनं केलं.

पुण्याकडच्या पाहुण्यांना आपलं 'मी मारलो' ऐकून हसू येतं. त्यांच्या मराठीत 'मी मारलं'. 'मारलो' म्हटलं की त्यांना वाटतं हा माणूस स्वतःच मेला. आपण सीमेवरची माणसं असंच बोलतो, कानडीच्या वळणानं. त्या रात्रीनंतर आप्पांना बघते तेव्हा वाटतं, पुण्याचे पाहुणे चूक नव्हते.

तो जो तुकडा कागदावर आला नाही, तोच सगळा कायदा होता. हे मला कळायला पुढं तीन वर्षं गेली. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत कलम 96 ते 106 ही स्वसंरक्षणाची. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हीच कलमं 34 ते 44 झाली. मजकूर जवळजवळ तोच. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही जिवासाठी, मालमत्तेसाठी माणूस हात उचलू शकतो. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, किंवा रात्री कुणी घर फोडून आत शिरत असेल, तर समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. मात्र त्याला कुंपण आहे. पोलिसांकडं जायला वेळ होता का? गरजेपेक्षा जास्त केलं का? आणि हक्क भीतीबरोबर सुरू होतो, भीतीबरोबर संपतो. समोरचा पडला, हत्यार सुटलं, की हक्क संपला. त्यानंतरचा एक घावसुद्धा गुन्हा.

म्हणजे कोर्टाला बंदुकीबद्दल फारसं विचारायचं नव्हतंच. भीतीबद्दल विचारायचं होतं. ती कधी सुरू झाली, केवढी होती, कधी संपली. आणि ती भीती घरच्यांखेरीज फक्त एका माणसानं बघितली होती.

केस मात्र 302 ची लागली, खुनाची. आप्पा पाच महिने हिंडलग्याच्या जेलात होते, मग धारवाडच्या खंडपीठातून जामीन झाला. आमच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, बंदूक भिंतीला टेकवून सोडली हे बरं केलं, आणि पोरीनं फोन लावला ते त्याहून बरं केलं. पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, तेव्हा त्या कागदाला भिऊ नका. पण बचाव पहिल्या दिवसापासून कागदावर असता तर सात वर्षं लागली नसती, हेही पुढं तेच म्हणाले. त्या पहिल्या भेटीहून घरी परतताना बसमध्ये आईनं मला विचारलं, "आपण त्या दिवशी काय बोलायला पाहिजे होतं?" मी काय सांगणार? डोक्याला सहा टाके घातलेल्या बाईनं आणि रात्रभर न झोपलेल्या म्हाताऱ्यानं काय बोलायचं, कुठल्या भाषेत बोलायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? फिर्याद वाचून दाखवावी असं कायदा सांगतो. ज्याची त्याला कळेल अशा भाषेत ती वाचून दाखवावी, एवढी माणुसकी त्यातच धरलेली असणार. राज्यघटनेचं कलम 350 म्हणतं की गाऱ्हाण्याचा अर्ज माणसानं केंद्रात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यावा. हे मला आज माहीत आहे. त्या सकाळी माहीत असतं तर मी मराठीत चार ओळी लिहून टेबलावर ठेवल्या असत्या.

वकिलांकडून जुन्या निकालांची झेरॉक्स आणून मी रात्री आप्पांना वाचून दाखवायची. मध्य प्रदेशातल्या कटनीत 1950 च्या मार्चमध्ये दंगल झाली. अमजद खान नावाचा दुकानदार. शेजारचं भावाचं दुकान जमाव लुटत होता आणि ह्याच्या दारावर लाठ्या पडत होत्या. त्यानं लायसनच्या बंदुकीतून दोन गोळ्या झाडल्या. खाली शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानं 1952 साली सोडलं. अशा घटकेला केलेलं सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. आप्पा म्हणाले, "परत वाच." दुसरा निकाल दर्शन सिंगचा, पंजाबातला. 1991 ची घटना, जमिनीच्या वादातली. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं 2010 च्या जानेवारीत परत सोडलं. आप्पांनी बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाले, "मग मी बघत नाही आपला निकाल." आणि मदुराईत 2012 साली एका आईनं मुलीला वाचवताना नवऱ्याला बॅटनं मारलं, तो मेला, तिथल्या पोलीस अधिकाऱ्यानंच हे स्वसंरक्षण आहे म्हणून तिला सोडून दिलं. एका अधिकाऱ्यानं सुरुवातीलाच पूर्ण वाक्य ऐकून घेतलं, एवढाच फरक.

गावात काय बोलत होते तेही आमच्यापर्यंत यायचं. पायावर मारायची होती. हवेत बार काढायचा होता. पकडून ठेवायचा होता. हे बोलणाऱ्या माणसांना मी लहानपणापासून ओळखते. त्यांतल्या कुणालाच त्या अंधारात उभं राहावं लागलं नव्हतं, आणि देव करो, कधी लागूही नये. पण कोर्टं वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहेत की जिवावर बेतलेल्या माणसानं घाव मोजूनमापून घालावा अशी अपेक्षा धरता येत नाही. जी गोष्ट न्यायाधीशांना परक्या माणसाबद्दल उमगते, ती माझ्या गावाला आप्पांबद्दल उमगली नाही. पाणी अडलं की ज्यांच्याकडं जायचं, पोरांची भांडणं मिटवायला ज्यांना बोलवायचं, ते हेच आप्पा ना? जेलमधून आल्यावर कट्ट्यावर ते बसले की एकेक जण कामाची आठवण होऊन उठायचा. तिसऱ्या दिवशी आप्पाच उठले. त्यानंतर ते कट्ट्यावर गेले नाहीत.

माझी ठरलेली सोयरीक मोडली. 'केसचं घर' म्हणाले. नदीकाठचा अर्धा एकर गेला. मी निपाणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होते, ते तिथंच राहिलं. हे सगळं मी एका ओळीत लिहिते, कारण माझं गाऱ्हाणं ह्याचं नाही.

माझं गाऱ्हाणं उलटतपासणीच्या त्या दुपारचं आहे.

तुम्ही पंच म्हणून साक्षीला आलात. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की कोयता आमच्याच घरचा आणि आम्हीच मागाहून पाटात टाकला. उसाच्या ह्या पट्ट्यात कोयता कुणाच्या घरी नसतो? आमच्या वकिलांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही रात्रीच तिथं गेला होता, खरं आहे? मी बाकाच्या टोकाला बसले होते. तुम्ही आप्पांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. पंख्याकडं बघितलं. "नाही. मी सकाळी गेलो. रात्री काही ऐकलो नाही." कोयता कुणाच्या हातात होता? "मला माहीत नाही." तो पाटात कसा गेला? "मला माहीत नाही."

मधल्या सुट्टीत मी वकिलांना सांगितलं, यांची बॅटरी आमच्याकडं आहे. मागं पत्र्यावर यांचं नाव खिळ्यानं कोरलेलं आहे. वकील उठून उभेच राहिले. साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज करतो, बॅटरी हजर करतो म्हणाले. आप्पांनी माझं मनगट धरलं. "नको. तो आपण होऊन बोलला तर बोलला. बांध लागून आहे, उद्या पाणी कुणाच्या हातनं घेणार?" मी भांडले, रडले. सात वर्षांत आप्पांवर ओरडले ती तेवढीच एकदा. ते जेवणाचा डबा उघडून बसले आणि त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

बॅटरी हजर झाली नाही. तरी आप्पा सुटले, ते कशावर हेही गावानं ऐकावं. आईच्या जखमेचा दाखला होता, निखळलेली कडी तुमच्याच सहीच्या महजरात होती. छर्रे फाकले नव्हते, समोरून अगदी जवळून लागलेले होते, म्हणजे पळणाऱ्याच्या पाठीत बार काढला हे म्हणणं टिकलं नाही. काडतूस एकच उडालेलं. आणि माझा तो फोन, जो पलीकडं लागला, त्याची वेळ मोबाईल कंपनीच्या कागदावर निघाली. पोलिसांची मदत मागितली होती आणि ती मिळायला वेळ नव्हता, हे त्यानं दाखवलं. स्वसंरक्षण दाखवायचं ओझं आरोपीवर असतं, पण ते खून शाबीत करण्याइतकं जड नसतं. पारडं थोडं आपल्याकडं झुकलं तरी पुरतं. ते झुकलं. तुमच्या शब्दानं ते दोन वर्षं आधी झुकलं असतं, असं मला वाटतं, पण त्याचा हिशोब मी मांडत नाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही ती सांगते. गेलेल्या पोराची आई दर तारखेला यायची. लांबच्या गावची, काष्टा नेसलेली, हातात नायलॉनची पिशवी. पहिली चार वर्षं ती आमच्याकडं बघायची नाही, आम्हीही बघायचो नाही. एक दिवस वऱ्हांड्यात आप्पा एकटे बसलेले असताना ती समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं शिव्या देते. ती म्हणाली, "शेवटाला काय बोलला का तो?" आप्पा उठून उभे राहिले. म्हणाले, "पाणी मागितला. मी दिलो." ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि तिच्या जागी जाऊन बसली.

त्याच पाण्यावरनं सरकारी वकिलांनी आप्पांना झोडपलं होतं. ज्याची एवढी भीती वाटली त्याला मांडीवर घेऊन पाणी कसं पाजलं? आमच्या वकिलांचं उत्तर होतं, कारण तेव्हा भीती संपली होती. कायदाही तेच सांगतो, भीती संपल्यावर आरोपी जसा वागला तसंच माणसानं वागायचं असतं. ते ऐकताना मला वाटलं, तांब्या आणणारा माणूस ह्याच गावात जेवून झोपला असेल.

आप्पा रात्री झोपत नाहीत. कडी तीनदा तपासतात आणि मग स्वतःच उघडून बाहेर जाऊन बसतात. दिवाळीत तीन दिवस ते मळ्याच्या पलीकडच्या टोकाला असतात, फटाके ऐकू येऊ नयेत म्हणून. माघातल्या अमावास्येला जेवत नाहीत. कोर्टानं त्यांना निर्दोष म्हटलं. ते स्वतःला तसं म्हणत नाहीत. कधीतरी विचारतात, "त्याचं वय किती लिहिलंय गं कागदात?" मी सांगते. त्यांना ते माहीत असतं.

बंदूक परत मिळत होती. आप्पांनी लायसनसकट ती कायमची जमा करून टाकली. आपल्याच राज्यात कोडगूत कोडवा लोक सप्टेंबरात बंदुकीची पूजा करतात, त्यांना लायसनमधून 2029 पर्यंत सूट आहे, आणि हायकोर्टानं 2021 साली ती मान्य केली. त्यांच्या घरात बंदूक कुळाचा मान असेल. आमच्या घरात तिची खुंटी रिकामी आहे आणि ती रिकामीच बरी. निकालानंतर गावातली दोन पोरं मला विचारायला आली होती, "ताई, लायसन कसं काढायचं?" मी त्यांना तारखांची वही दाखवली. सात वर्षं, त्र्याण्णव तारखा. प्रत्येकीपुढं बसभाडं, वकिलांची फी, कोण आलं, कोण नाही. पोरांनी दोन पानं उलटली आणि गेली. बंदूक नसती तर मी हे पत्र लिहायला नसते, हेही खरं आहे. ही दोन्ही खरी आहेत आणि मला दोन्हींसोबत राहायचं आहे.

अण्णा, मी खूप विचार केला की तुम्ही असं का केलंत. गेलेल्याच्या भावकीची धमकी आली होती का? तुमच्या उसात ते पळाले, उद्या तुम्हालाच गोवतील असं कुणी सांगितलं? की साक्षीला गेलं की वर्षानुवर्षं तारखा लागतात, हे बघून घाबरलात? घरात नातवंडं होती, वस्तीवर तुमचंही घर एकटंच. घाबरला असाल. पण मग तेवढं सांगायचं होतं. ओसरीवर येऊन आप्पांना म्हणायचं होतं, "गड्या, मला भीती वाटते, मला ओढू नको." आप्पांनी तुम्हाला तिथल्या तिथं मोकळं केलं असतं. माझ्या बापाची भीती खरी होती की नाही हे ठरवायला कोर्टाला सात वर्षं लागली; तुमची भीती आम्ही एका चहावर मान्य केली असती. भीती हा आमच्या घरात गुन्हा नाही. सात वर्षं तुम्ही बांधाच्या पलीकडनं मान खाली घालून गेलात, ते मला सोसत नाही.

गावालाही एवढंच. तुम्ही आमच्या बाजूनं उभे राहिला नाहीत ह्याचा राग कधीच निवळला. एखाद्यानं येऊन आप्पांना नुसतं विचारायचं होतं, काय झालं होतं रे? सात वर्षांत हा प्रश्न त्यांना वकिलांनी विचारला, सरकारी वकिलांनी विचारला, न्यायाधीशांनी विचारला, आणि त्या पोराच्या आईनं अर्धा विचारला. बोरगावातल्या एकानंही विचारला नाही.

तुमची बॅटरी आतल्या खोलीत खिडकीपाशी आहे. दर दिवाळीला आई तिच्यावरची धूळ पुसते. सेल मी तेव्हाच काढून ठेवले, नाहीतर पाणी सुटून आतून सडली असती. परवा नवे घालून बघितले, लागते. आम्ही कुणी ती आणून देणार नाही. आप्पा संध्याकाळी सहानंतर ओसरीवर असतात.

तुमच्या मित्राची थोरली
बोरगाव, तालुका निपाणी